नणंद येतेय नागपूरहून, पोरांना समुद्र बघायचाय

प्रश्न : ताई नमस्कार, मी कांदिवलीला राहते. यंदा दिवाळीला माझी नणंद नागपूरहून येतेय, तिची दोन मुलं ९ आणि ५ वर्षांची, दोघांनी समुद्र फक्त टीव्हीवर बघितलाय आणि गेले दोन महिने फोनवर एकच विषय चालू आहे, मामी समुद्र मामी समुद्र. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी जायचं ठरवतोय. सासूबाई ७४ च्या आहेत, गुडघे दुखतात पण त्यांनाही यायचंय. हे म्हणतात अलिबाग करून येऊ एका दिवसात, दीर म्हणतो अक्सा जवळ पडतं, मला वाटतं संध्याकाळी जुहूला जावं, भेळ खावी, सूर्यास्त बघावा आणि परत यावं. तुम्ही काय सुचवाल?

उत्तर : जुहूच करा, पण संध्याकाळी नको, सकाळी जा. आणि कुठे जायचं हे ठरवायच्या आधी भरती ओहोटीची वेळ बघा. आपण मुंबईकर ट्रेनची वेळ बघतो, ट्रॅफिक बघतो, समुद्राची वेळ मात्र कोणी बघत नाही आणि अर्धे घोटाळे तिथेच होतात.

कोकणात जुनी माणसं एक हिशोब करतात, आमची आजी पण करायची. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. अर्धा पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेव्हा नेमकी वेळ पेपरात किंवा नेटवर बघून घ्यायचीच, पण अंदाज येतो. आता तुमचा दिवस धरा. लक्ष्मीपूजन अमावस्येला, भाऊबीज द्वितीयेला, दुसरा दिवस तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी दोनच्या आसपास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. त्यात अमावस्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं आणि तेवढंच लांब मागे जातं.

म्हणून म्हणते, सात वाजता वाळूत पाय टेका. त्या वेळी जुहूची वाळू एवढी लांबवर उघडी पडलेली असते की पोरं धावून धावून दमतील, पाणी शांत असतं, गर्दी नसते, ऊन नसतं. दहाच्या आत निघा, कारण तोवर पाणी जोरात चढायला लागलेलं असतं आणि ऑक्टोबर नोव्हेंबरचं मुंबईचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. संध्याकाळी चार ते सहा म्हणाल तर ती उतरत्या पाण्याची वेळ, पाणी बाहेर ओढत असतं, वर दिवाळीच्या सुट्टीची तोबा गर्दी आणि सहानंतर लगेच अंधार. पाच वर्षांचं पोर त्यात हातातून सुटलं तर काय, हा विचार करूनच माझ्या पोटात गोळा येतो.

अक्साला नको हो. दिसायला सुंदर आहे, मला स्वतःला आवडतं, पण तिथे दरवर्षी माणसं बुडतात. वाळूचा तळ सारखा बदलत असतो, आज जिथे सपाट तिथे उद्या खड्डा. माझा भाचा तिथे गुडघाभर पाण्यात उभा होता, मी दोन हातांवर होते, एक पाऊल पुढे टाकलं आणि छातीपर्यंत आत गेला. दंडाला धरून ओढला म्हणून वाचला. त्या दिवसानंतर मी पोरांना घेऊन तिकडे गेलेली नाही. आणि खरं सांगायचं तर जुहूलाही पोहायचं नाहीच, पाणी तेवढं स्वच्छ नाही. मुलांनी घोट्यापर्यंत, मोठ्यांनी हात धरून उभं राहायचं, बस्स.

अलिबाग एका दिवसात सासूबाईंना झेपणार नाही. गेटवेवरून मांडव्याला लाँचने तासभर, तिथून अलिबाग गाडीने पुढे, शिवाय लाँचमध्ये चढउतार. कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो म्हणून सगळे जातात, पण तुमच्या दिवशी ओहोटी आठला, तुम्ही पोचणार अकराला, तोवर वाटेवर पाणी. पुढच्या खेपेला मुक्कामाचं ठरवा, मजा येईल.

आता पोरांबद्दल. पहिल्यांदा लाट पायावरून मागे जाते ना, तेव्हा टाचेखालची वाळू सरकते आणि खाली बघत असलं की आपणच मागे ओढले जातोय असं वाटून चक्कर येते. छोटा घाबरून रडेल कदाचित. त्याला सांगा पायाकडे नको, लांब होडीकडे बघ. हसू नका त्याला. मग ओल्या वाळूवर नीट बघायला लावा, साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातलेली दिसेल, मधे बारीकसं भोक. ते इवल्याशा खेकड्यांचं काम, वाळूतलं खाणं चाळून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. अजिबात न हलता दोन मिनिटं बसलं की खेकडा बाहेर येतो. नऊ वर्षांच्या पोराला हे दाखवाच, ते नागपूरला शाळेत जाऊन वर्षभर सांगेल. वाळूचीच केलेली, शर्टाच्या कॉलरसारखी गोल पट्टी दिसली तर ती गोगलगायीच्या जातीच्या शंखाची अंडी असतात, हात लावू देऊ नका.

मुलांना निळे कपडे घालू नका, पाण्यात दिसत नाहीत, केशरी किंवा भडक पिवळे घाला आणि निघतानाच त्याच कपड्यात दोघांचा फोटो काढून ठेवा. घरून साध्या पाण्याचे दोन मोठे कॅन न्या, खारं पाणी अंगावर सुकलं की परतीच्या रिक्षात नुसती खाज. सासूबाईंना घडीची खुर्ची, पण कोरड्या वाळूत नाही, पाय रुततात आणि गुडघ्यावर ताण येतो, ओल्या घट्ट वाळूवर पाण्यापासून लांब मांडा, आणि पाणी चढायला लागलं की पहिली खुर्ची मागे घ्या. खाण्याचं म्हणाल तर फराळाचे डबे भरलेलेच आहेत, चकली चिवडा शंकरपाळी आणि थर्मासमधे चहा. समुद्रावर बसून आईच्या हातची चकली खायची, तुमच्या नणंदेला याहून जास्त काय हवं असणार! भेळ संध्याकाळी घरी करा.

प्रश्न : १५ ऑगस्टला गिरगाव चौपाटीला गेलो होतो, मुलीच्या पायाला निळ्या फुग्यासारखं काहीतरी चावलं, लाल वळ उठले, खूप रडली. लोक म्हणाले वाळू चोळा. बरोबर आहे का? (एक वाचक, परळ)

उत्तर : चोळायचं अजिबात नाही, चोळलं की विष आणखी पसरतं. ती ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखा समुद्री जीव, पावसाळ्यात वाऱ्याने किनाऱ्याला लागते, मेलेली दिसली तरी डंख करते. धागे चिकटले असतील तर चिमट्याने अलगद उचलून काढायचे, खरवडायचे नाहीत, मग समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय २० मिनिटं बुडवून ठेवायचा. धाप लागली, तोंड सुजलं, उलट्या झाल्या तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि पावसाळ्यात वाळूवर सुद्धा पोरांच्या पायात चप्पल असू दे.