पूरभिंतीसाठी वर्गणी द्यायची का?

प्रश्न: आमचं गाव ब्रम्हपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. २०२० च्या ऑगस्टात गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले अन् धानाच्या बांध्यांत इतका गाळ बसला की रोवणा कुठं होता तेच दिसेना. आता ग्रामसभेत म्हणतात, पूरभिंतीसाठी घरटी वर्गणी द्या. भाऊ, हे बरोबर हाय का?

उत्तर: भिंतीसाठी देऊ नका, असं माझं स्पष्ट मत. पाणी वरच्या धरणातून येते, तिथले दरवाजे काही तुमच्या हातात नाहीत, मग काँक्रीटचा खर्च गावानं का उचलायचा? १५ व्या वित्त आयोगानं राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी (आपत्तीचं नुकसान आधीच कमी करायच्या कामांसाठीचा पैसा) ठेवला, त्यात केंद्राचे ७५ टक्के अन् राज्याचे २५, तेव्हा ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्याकडं मागणी लावा, पोच घ्या, नाहीतर कागद कपाटातच राहते. नाला खोलीकरण रोजगार हमीत बसते. गावानं मात्र नाल्यातलं अतिक्रमण स्वतः काढावं (इथंच सगळे गप्प बसतात), मोरीत अडकलेला कचरा पावसाळ्याआधी उपसावा. अन् वर्गणी काढलीच तर भूमिहीनाकडून अन् दहा एकरवाल्याकडून सारखीच घेऊ नका.