बर्ड फ्लूवर कोंबड्यांसाठी डीएनए लस बनवता येते का, आणि येत असेल तर ती सर्रास का दिसत नाही?

बनवता येते; किंबहुना हे तंत्र तीस वर्षांहून जुने आहे. यात विषाणूऐवजी त्याच्या एखाद्या प्रथिनाचे जनुक टोचतात आणि ते प्रथिन कोंबडीच्याच पेशी बनवतात. १९९३ मध्ये हॅरिएट रॉबिन्सन, रॉबर्ट वेब्स्टर प्रभृतींनी विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे जनुक असलेला प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे वर्तुळ, कोंबड्यांना टोचला. पुढे बर्ड फ्लूचा घातक एच७ प्रकारचा विषाणू देऊनही त्यांतल्या सुमारे निम्म्या तगल्या, तर लस न दिलेल्या जवळजवळ सगळ्या मेल्या. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबड्यांसाठीच्या, एच५ प्रकाराविरुद्धच्या डीएनए लशीला सशर्त परवानाही दिला.

मी काही वर्षे या कामात होतो. जनुक प्लाझ्मिडमध्ये बसवणे हा त्यातला सोपा भाग आहे. कोडॉन, म्हणजे जनुकातली तीन-तीन अक्षरी सांकेतिक 'शब्द', कोंबडीच्या पेशींना मानवतील असे बदलून घ्यायचे, जनुकाआधी जोरकस प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, ठेवायचा आणि प्लाझ्मिड ई. कोलाय जिवाणूत वाढवायचा. जिवंत विषाणू हाताळावाच लागत नाही. पारंपरिक लशीचा विषाणू अंड्यातील भ्रूणात वाढवतात आणि अतिघातक विषाणू त्या भ्रूणालाच मारतो, म्हणून आधी त्याला सौम्य करावे लागते. इथे विषाणू बदलला तर फक्त जनुक बदलायचे, आणि मला या लशीचे खरे बळ तेच वाटते.

प्रतिपिंडे तयार झाली की नाही, हे एचआय (हिमॅग्लुटिनेशन इन्हिबिशन) चाचणीत डोळ्यांनी दिसते. रक्तद्रवाच्या दुप्पट-दुप्पट पातळ केलेल्या पायऱ्यांमध्ये विषाणू आणि कोंबडीच्या तांबड्या पेशी घालून प्लेट तिरकी धरली, की प्रतिपिंडे पुरेशी असलेल्या खळग्यात तळाशी बसलेला लाल ठिपका अश्रूसारखा ओघळतो; नसतील तिथे विषाणूने एकमेकींना जोडलेल्या पेशींची जाळी पसरलेली राहते. नुसता प्लाझ्मिड स्नायूत टोचलेल्या पक्ष्यांत हा ओघळ पहिल्या दोन-तीन खळग्यांपुढे जात नसे, तेव्हा फार निराशा यायची.

घोडे अडते ते इथेच. डीएनए थेट पेशीच्या केंद्रकात पोहोचावा लागतो, पण टोचलेल्यापैकी बहुतेक वाटेतच विकरे तोडून टाकतात. सोन्याच्या कणांवर डीएनए लावून जीन गनने मारला किंवा विजेचे सूक्ष्म झटके दिले तर परिणाम सुधारतो. मात्र वीस पक्ष्यांच्या प्रयोगात जमणारी ही गोष्ट हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये कोण करणार? त्यातच मांसाच्या कोंबड्या सहा-सात आठवड्यांत विकल्या जातात आणि डीएनए लशीचे बहुधा दोन डोस लागतात. उलट टर्की हर्पिस विषाणूवर आधारलेली लस (यात बर्ड फ्लूचे जनुक हा निरुपद्रवी विषाणू वाहून नेतो) पिल्लाला हॅचरीतच, पहिल्या दिवशी, एकदाच देता येते. त्यामुळे डीएनए लशीला जागा दिसते ती जास्त काळ जगणाऱ्या अंड्यांच्या आणि पैदाशीच्या कोंबड्यांमध्ये.

तिथे तिचा आणखी एक फायदा मिळतो. लशीत केवळ हिमॅग्लुटिनिनचे जनुक असेल, तर लस घेतलेल्या पक्ष्यात विषाणूच्या न्यूक्लिओप्रथिनाविरुद्ध, म्हणजे त्याच्या आतल्या प्रथिनाविरुद्ध, प्रतिपिंडे तयार होत नाहीत. ती सापडली, तर लसीकरण झालेले असूनही त्या कळपात विषाणू शिरला आहे असे समजावे लागते.