'रॅमोना' (१९१०) हा मूकपट दाखवायचाय. सगळीकडे १७ मिनिटं लिहिलंय, माझी फाइल ११ मिनिटांची. कापलेली आहे का? आणि सोबत संगीत कोणतं लावू?

फाइल बहुधा पूर्ण आहे, फक्त पळतेय. कात्री कुणी चालवली ते शोधण्याआधी गुणाकार करा.

दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने बायोग्राफ कंपनीसाठी केलेला हा एका रिळाचा चित्रपट, म्हणजे ढोबळमानाने १००० फूट. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणून एकूण १६,००० फ्रेम. सेकंदाला १६ ने चालवल्या तर १६ मिनिटं ४० सेकंद. तुमची १७ मिनिटं ती हीच. बोलपटाच्या २४ ने चालवल्या तर ११ मिनिटं ७ सेकंद. कुणीतरी रीळ स्कॅन केलं आणि वेग न बघता २४ वर सोडून दिलं.

खात्रीसाठी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे जा. दर तीन फ्रेममध्ये दोन हुबेहूब सारख्या निघत असतील, तर वेग आधीच दुरुस्त केलेला आहे आणि मग ११ मिनिटांची फाइल खरोखरच अपुरी. प्रत्येक फ्रेम वेगळी असेल तर वेग ०.६७ वर आणा. एडिटिंगमध्ये करणार असाल तर ६६.६७ टक्के ठेवा आणि मधल्या फ्रेम 'तयार' करणारा पर्याय बंद करा, नाहीतर चेहऱ्यांभोवती भुतं नाचतात. मूळ फाइलीतला आवाजही बंदच ठेवा.

वेग बरोबर बसला का, हे चालीवरून कळतं. साध्या चालीत एका पावलाला साधारण अर्धा सेकंद लागतो. एक पाय टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत आठ फ्रेम आल्या तर चित्रण १६ चं. सात आल्या तर १४ चं. हातातून काही पडत असेल तर आणखी सोपं: एक मीटर पडायला ०.४५ सेकंद, म्हणजे १६ ला सातेक फ्रेम. घोडेस्वार आणि रडारड यांवरून मोजू नका, फसाल.

गाव जळतं तो प्रसंग तर मुद्दाम दोन्ही वेगांत बघा. नायक अलेसांद्रो (नट हेन्री वॉल्थॉल) डोंगराच्या कडेवर उभा, खाली दरीत त्याचं गाव जळतंय, माणसं मुंगीएवढी. २४ ला तो धूर कुकरच्या शिट्टीसारखा फुसफुसतो. १६ ला तो सावकाश चढत जातो आणि त्या माणसाला तिथे नुसतं उभं राहून बघावं लागतं. माझ्या मते सगळा चित्रपट तिथे आहे. मेरी पिकफर्डची रॅमोनासुद्धा त्यानंतर.

"मूकपटातले नट माकडचेष्टा करायचे" हे वाक्य मी फिल्म क्लबवाल्यांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. म्हणणारे तेच, जे "२४ वर लावा, नाहीतर लोक झोपतील" असं सांगतात. स्वतः दीडपट वेगाने पळवायचं आणि वर नटाला हसायचं! फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) ३,७०० फुटांचा होता. १६ ला तो ६२ मिनिटांच्या आसपास भरतो, २४ ला ४१. आधी यंत्र तपासा, मग अभिनय.

चौकटही बघून घ्या. बोलपटाच्या मापाने कॉपी काढली असेल तर ध्वनिपट्टीच्या जागेपुरती चित्राची डावी कड गेलेली असते. टायटल कार्डवरचा मजकूर डावीकडे सरकलेला दिसला तर तसंच झालंय. त्याला उपाय म्हणजे दुसरी प्रत.

संगीताचं म्हणाल तर एकटा पियानो पुरे, नसेल तर हार्मोनियम. तबला नको.

हां, १६ हा आकडा म्हणजे काही वेदवाक्य नाही. कॅमेरा हाताने फिरायचा: सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ फ्रेम. हात दमला की वेग बदलला. खुद्द ग्रिफिथने 'होम, स्वीट होम'साठी (१९१४) पहिलं रीळ १६ मिनिटांत, दुसरं १४ ते १५ मिनिटांत आणि बाकीची १३ ते १४ मिनिटांत चालवा, असं सांगितलं होतं. म्हणजे शेवटाकडे त्यालाही जरा घाई हवी होती. तेव्हा १४ ते १८ मध्ये चालीला आणि धुराला जो वेग बसेल तो ठेवा. क्लबात कुणी २४ साठी हटून बसलंच, तर त्याला आठ फ्रेमचं एक पाऊल मोजून दाखवा.