गेलेलं पुन्हा त्याच जागी का येतं?

सुनंदाताई (नाव बदललं आहे) माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं होतं. यवतमाळकडच्या एका खेड्यातल्या, वय पस्तिशीच्या आत. ऊन तापलेलं असूनही त्यांनी नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घातला होता आणि बोलताना दोन्ही कोपरं पदराखाली झाकत होत्या.

सोरायसिस. दोन्ही कोपरांवर आणि डाव्या गुडघ्याखाली लालसर जाड चट्टे, वर चंदेरी पापुद्रे. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा उठला, औषधांनी गेला, दोन वर्षं कातडी अगदी स्वच्छ राहिली. आणि दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत पुन्हा उठला, जिथे होता नेमका तिथेच.

"दोन वर्षं एक डाग नव्हता अंगावर, मॅडम. मंग त्याच जागी काऊन उठलं? माह्याच हातून काहीतरी चुकलं असन."

हा प्रश्न मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. सोरायसिसवाले विचारतात, इसब असलेल्या लेकरांच्या आया विचारतात. उत्तर मिळालं नाही की माणूस चूक स्वतःतच शोधतो. सुनंदाताईंनी आधी वांगं सोडलं, मग शेंगदाणे, मग तुरीचं वरण. विदर्भातल्या घरात तुरीचं वरण सोडायचं म्हणजे ताटात काय उरतं, ते तुम्हीच बघा. सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी वेगळी केली होती. त्याहून वाईट म्हणजे आठ वर्षांच्या लेकीला त्यांनी स्वतःच दुसऱ्या खोलीत निजायला लावलं होतं. झोप तिथेच गेली होती.

पूर्वी मीही म्हणायचे, "काळजी करू नका, कायमचं जाईल." आता म्हणत नाही. कायमचं जाईल असं सांगितलं, की परत आल्यावर दोष रुग्णाच्या माथी बसतो. त्यामुळे मी त्यांना खरं कारण सांगायचं ठरवलं, जेवढं विज्ञानाला आज कळलं आहे तेवढं.

२०१७ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेत श्रुती नाईक आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. इमिक्विमॉड नावाचं मलम लावून उंदरांच्या कातडीवर सोरायसिससारखा दाह उठवला आणि तो पूर्ण ओसरू दिला. वरून पाहिलं तर कातडी पूर्ववत. पण त्याच जागी पुढे जखम केली, तेव्हा ती कधीच दाह न झालेल्या कातडीपेक्षा सुमारे अडीचपट वेगाने भरली. दाहाला १८० दिवस उलटले तरी हा फरक टिकून होता. उंदराचं आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं, त्यात सहा महिने म्हणजे थोडे नव्हेत.

इथे सुनंदाताईंनी जो प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. "पण कातडी तं झडून गेली नं, मॅडम. अंथरूण झाडलं तं मूठभर निघे. मंग याद कोणाले रायली?"

वरची कातडी झडतेच. निरोगी माणसाचीही साधारण महिनाभरात बदलते, सोरायसिसच्या चट्ट्यात तर काही दिवसांतच. पण तळाशी मूळपेशी असतात, त्या जात नाहीत. नवी कातडी त्याच घडवतात. त्यांच्यातला डीएनए प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. दाह उसळला की संकटात लागणारी जनुकं हाताशी यावीत म्हणून त्याचे काही भाग उलगडतात. दाह शमला की ती जनुकं शांत होतात, पण उलगडलेले सगळे भाग पुन्हा पूर्ण गुंडाळले जात नाहीत. पुढच्या वेळी थोडं काही झालं तरी ती झटकन जागी होतात.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या वावरातल्या जागलीवानी. एक साल डुकरं घुसली, तवापासून पोट्टे डब्बे-काठ्या मचाणावरच ठेवते. आता ससा हालला तरी डब्बे वाजवते."

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच उदाहरण देते. खरंच डुक्कर आलं तर ही तयारी पीक वाचवते, तशीच कातडीची तयारी जखम लवकर भरते. सशासाठी डबे वाजले की मात्र गावाची झोप जाते. प्रयोग उंदरांवरचा होता हेही मी त्यांना सांगितलं. माणसाच्या कातडीत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सापडली आहे: चट्टा बरा झाल्यावरही त्या जागी प्रतिकारशक्तीच्या काही टी पेशी मुक्काम करून राहतात. म्हणून जागा तीच.

मग वेचणीकडे वळलो. वाळलेल्या बोंडाची टोकं हातांना किती ओरखडतात ते वेचणाऱ्या बाईला विचारा. सोरायसिसच्या माणसाला जिथे ओरखडा पडतो तिथे चट्टा उठू शकतो. जर्मनीतले त्वचारोगतज्ज्ञ कोबनर यांनी एकोणिसाव्या शतकातच हे टिपलं होतं. त्यांच्या रुग्णाला घोडा चावल्याच्या आणि गोंदल्याच्या जागीही चट्टे उठले होते. त्यात थंडीची कोरडी हवा आणि कापसाच्या भावाचा घोर. तुरीच्या वरणाचा संबंध कुठेच नव्हता.

दुसऱ्या भेटीला मी सासूबाईंना मुद्दाम बोलावलं. त्यांच्यासमोर सुनंदाताईंचं कोपर हातात घेतलं आणि व्हॅसलीन चोळत बोलत राहिले. आजी माझ्या बोटांकडे बघत होत्या. "लागत नाई का हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आजी, हा जंतूंचा आजार नाही. ताटातून, अंथरुणातून, शिवून, कशानेच लागत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र सुनेची पिशवी त्यांनी स्वतः उचलली.

मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइडची ट्यूब मी डॉक्टरांना दाखवायला लावली. अशा ट्यूबनं चट्टा पटकन दबतो, पण ती मनानेच महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते आणि एकदम सोडली तर चट्टे उसळू शकतात. सांधे सकाळी आखडतात का, हेही डॉक्टरांनी विचारलं, कारण सोरायसिस सांध्यांनाही धरू शकतो.

यंदाच्या वेचणीत त्या पुन्हा आल्या. डाव्या कोपरावर रुपयाएवढा चट्टा होता. त्यांनी बाही वर सारून आधी तोच दाखवला. चौथ्या दिवशी दिसला, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले, म्हणाल्या. लेक रात्री कुशीतच निजते आणि आंघोळीनंतर व्हॅसलीन तीच लावून देते. दुपार झाली होती. त्यांनी डबा उघडला. वरण-भात आणि वांग्याची भाजी होती. आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवलो.