सांगलीचा हरित नकाशा : पहिल्या महिन्यात काय करावे

संपूर्ण सांगलीचा हरित नकाशा, म्हणजे शहरातील झाडे आणि लागवडीच्या जागा दाखवणारा नकाशा, करण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला, परंतु सुरुवात एकाच प्रभागापासून, शक्यतो तुमच्या रोजच्या पायाखालच्या रस्त्यांपासून करावी.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे उपग्रहचित्रातील हिरवा रंग म्हणजे झाड असे समजणे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातील एक चौकट जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा भाग दाखवते. तीत रस्त्याकडेचा एकटा कडुनिंब हरवतो, आणि शहरालगतचा उसाचा फड मात्र आमराईसारखाच हिरवागार दिसतो, जो तोडणीनंतर नाहीसा होतो. पावसाळ्यातील चित्र तर मुळीच घेऊ नये, कारण तेव्हा मोकळ्या प्लॉटवरचे गाजरगवतही हिरवळीत मोजले जाते.

म्हणून टेप घेऊन पायी फिरा. झाडाची जात, सुमारे १.३७ मीटर उंचीवरचा खोडाचा घेर आणि बुंध्याभोवतीची माती, एवढेच नोंदवा. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडले असतील, तर ते आवर्जून लिहा; अशा झाडाला पुरेसे पाणी मिळत नाही, आणि नेमकी हीच नोंद बहुतेक जण गाळतात.

दुसरी चूक म्हणजे फक्त असलेली झाडे टिपणे. लागवड कुठे वाढवायची हे ठरवायचे असेल, तर सावली नसलेले बसथांबे, नाल्यांचे काठ, वरून विजेच्या तारा नसलेले रुंद पदपथ आणि कृष्णेच्या पूररेषेतील मोकळी जमीन यांचाही नकाशात स्वतंत्र थर (लेयर) ठेवा.

क्यूजीआयएस हे नकाशे तयार करण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे; त्यातील विश्लेषणाकडे मात्र शंभर झाडे नोंदवून झाल्यावरच वळा.