जिन्यातला फोन

ताई, लग्नाला दोन वर्षं झाली. आम्ही परळला राहतो, घरी आई-बाबा आहेत. बायको अमरावती जिल्ह्यातली, मोर्शीकडची. आधी खूप बडबडी होती, आता घरात शब्द काढत नाही. विचारलं तर 'काही नाही' म्हणते. तिला कसलाच त्रास नाही. मराठी जरा अशुद्ध आहे, त्यावरून थोडी थट्टा होते, बाबा तिला लाडानं 'काऊनबाई' म्हणतात, पण ते प्रेमानंच. माहेरचा फोन आला की तेवढी जिन्यात जाऊन तासभर बोलते. तिला नैराश्य आलं असेल का? समुपदेशकाकडे न्यावं का?
— परळचा एक वाचक

जिन्यात का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच वाक्यापाशी अडले. घरात पंखा आहे, बसायला जागा आहे, आणि तुमची बायको चपलांशेजारी पायरीवर बसून आईशी बोलते. तासभर बोलते! मग ती घुमी कुठे झाली? ती फक्त तुमच्या घरात बोलत नाही.

तिथे ती काय बोलते माहीत आहे? 'मी आत्ता भाकरी करून राहिली', 'तुले बरं वाटते का?' हेच ती तुमच्या स्वयंपाकघरात म्हणाली, तर बाहेरच्या खोलीतून कोणीतरी तिच्याच सुरात म्हणून दाखवतं. 'थट्टा होते' असं लिहिलंत तुम्ही. थट्टा आपोआप होत नाही हो, कोणीतरी करतं. त्यात तुम्ही आहात का, ते पत्रात नाही.

आणि काऊनबाई. 'काऊन' म्हणजे 'का'. नव्या घरात आलेली मुलगी विचारणारच की, आमटीत कोकम काऊन घालता, पाणी दुपारीच काऊन जाते. तुमच्या वडिलांनी तिच्या विचारण्यालाच नाव ठेवलं, आणि तिनं विचारणं सोडलं. याला मी लाड म्हणणार नाही.

'अशुद्ध' हा शब्द तर मला फार लागला. तिच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र तेराव्या शतकात तिथे लिहिलं गेलं, आणि मराठी भाषेचं विद्यापीठ सरकारनं काढलं तेही तिथेच. गाडगेबाबा त्याच अमरावती जिल्ह्यातले. समोरच्या माणसांना वऱ्हाडीत एकामागून एक प्रश्न विचारत ते कीर्तन करायचे, मुंबईतसुद्धा. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा तुमच्या घरापासून किती लांब आहे? गावोगावचे कॅन्सरचे रुग्ण तिथे उतरतात. तुमच्या बायकोचं 'करून राहिली' हे चालू वर्तमानकाळाचं तिकडचं रूप आहे. आपण 'करतेय' म्हणतो, ती 'करून राहिली' म्हणते. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

पण हे सगळं तुमच्यासाठी सांगितलं. बाबांना ऐकवायला जाऊ नका. वाद होईल आणि तासभर पुन्हा तिच्याच बोलण्यावर चर्चा चालेल, तिच्या देखत.

समुपदेशकाचं नंतर बघू. आज रात्री जेवताना बाबांनी 'काऊनबाई' म्हटलं की तिथेच म्हणा, "बाबा, तिला नावानं हाक मारा." तिच्यासमोर म्हणा. नंतर बाजूला घेऊन हळूच सांगितलंत, तर तिच्यापर्यंत ते पोचणारच नाही. दोन वर्षं तिनं एवढंच पाहिलंय की सगळे हसतात आणि नवरा गप्प असतो.

बाबा रुसतील, दोन दिवस बोलणार नाहीत. आई म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय. म्हणू दे. तुम्ही त्या वेळी मोबाइलमध्ये मान घालून बसू नका.