माळवदाचे सागवान आणि बाणाची दांडी

प्रश्न : आमचे जुने माळवद (मातीचे सपाट छप्पर) उतरवले, तेव्हा सागवानी तुळया आणि सर (छपराची लांब लाकडे) निघाले. मुलगा तिरंदाजी शिकतो. गेल्या उन्हाळ्यात सुताराकडून फळी चिरून करून घेतलेले त्याचे बाण पाऊस लागताच वाकले. या जुन्या सागवानाचे बाण सरळ राहतील का? (एक वाचक, औसा)

उत्तर : राहतील, पण ते सागवानाचे आहेत एवढ्यावर विसंबू नका. लाकूड ओलीने लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र बरेच फुगते. म्हणून लाकडाच्या रेषा, म्हणजे त्याचे तंतू, दांडीला समांतर असतील तर ती सरळ राहते. फळी चिरताना करवत रेषांकडे पाहत नाही. तिरक्या रेषांची दांडी वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळते आणि आषाढात ओल धरू लागली की एका अंगाला अधिक फुगून वाकते. शिवाय तिरक्या रेषेवरच बाण सुटताना मोडतो आणि त्याची ढलपी धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते, हा धोका वाकण्याहून मोठा आहे.

तेव्हा सराचा तुकडा करवतीने चिरू नका, छिन्नीने फोडा. सरळ फुटला तर घ्या. पीळ, गाठ, वाळवीची नळी किंवा खिळ्याचे भोक दिसले तर तो चुलीचाच. सागवान कमी आटते आणि तुमचे तर कित्येक वर्षे छपराखाली मुरलेले आहे, ही जमेची बाजू. अडचण वजनाची आहे. आठ मिलिमीटर जाडीची, ७५ सेंटिमीटर लांबीची सागवानी दांडी सुमारे २४ ग्रॅम भरते, तर अमेरिकेत बाणांसाठी नावाजलेल्या पोर्ट ऑरफर्ड सीडरची सुमारे १६. मुलाच्या हलक्या धनुष्याला हा फरक जाणवेल. वखारीत सरळ रेषांचे, बिनगाठीचे देवदार मिळाले तर मी तेच घेईन. शिसव आणि बाभळीच्या वाटेला जाऊ नये. कठीण लाकूड म्हणजे बाणाला चांगले लाकूड, हा समज आपल्याकडे उगाच रूढ आहे.

दांड्या झाल्यावर ६६ सेंटिमीटर अंतरावरील दोन टेकूंवर एकेक ठेवून मध्यभागी सुमारे ९०० ग्रॅम वजन टांगा. ज्यांचा झोल, म्हणजे वजनाने मध्ये पडणारा बाक, सारखा भरेल, त्यांचाच एक संच करावा. मग जवसाचे तेल किंवा लाखेचे पॉलिश द्या, विशेषतः दोन्ही टोकांना, कारण ओल तिथूनच सर्वांत लवकर शिरते. बाण भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फळीवर आडवे ठेवावेत.